उजव्या हाताची बाल्कनी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर आईने आधी किंमत विचारली असती आणि बाबांनी रद्द करण्याची मुदत, म्हणून पत्र लिहीत आहे. फेब्रुवारीतल्या हवाईच्या जहाजावरची तुमची खोली मी पक्की केली आहे. तिला बाल्कनी आहे, आणि ती उजव्या अंगाला आहे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला.

ही बाजू निवडताना बाबा, मी तुमचाच नियम लावला. विजयदुर्गहून बोटीने मुंबईला येताना किनारा उजवीकडे आणि गावी परतताना डावीकडे, त्यामुळे तुम्ही वळकटी आधी त्या अंगाला टाकायचात, हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की मीच ती टाकली असे मला वाटते. आपले ‘प्राइड ऑफ अमेरिका’ जहाज होनोलुलूहून निघून माऊई बेटावरच्या काहुलुईला, मग हिलोला, कोनाला आणि शेवटी कवाईच्या नाविलिविली बंदराला जाते. हिलो हवाई याच नावाच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पूर्वेला आणि कोना पश्चिमेला. मधल्या रात्री जहाज बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालते, म्हणून बेट सतत उजवीकडे राहते. पहाटे लवकर उठलात, आणि तुम्ही उठताच, तर 4,169 मीटर उंचीच्या मौना लोआच्या मागून उजाडताना तुम्हाला खुर्चीत बसून दिसेल.

खरे सांगायचे तर एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडचा बहुतेक प्रवास रात्रीचा आहे आणि अंधारात कोणतीच बाजू श्रेष्ठ नसते. पूर्वी त्या वळशावर लाव्हा समुद्रात पडताना दिसायचा, पण 2018 नंतर तो समुद्रापर्यंत पोहोचलेला नाही, तेव्हा त्याची आशा धरू नका. कोनाहून निघतानाचा सूर्यास्त डावीकडे होईल, तो आपण वरच्या डेकवर जाऊन पाहू. शेवटच्या दुपारी कवाईचे ना पाली कडे लागतात. जवळजवळ 1,200 मीटर उंच असलेल्या त्या कड्यांच्या पायथ्याशी गाडीरस्ता पोहोचत नाही, ते समुद्रातून किंवा आकाशातूनच नीट दिसतात. तिथे कप्तान जहाज वळवून दोन्ही बाजूंना दर्शन घडवतात, असे जाऊन आलेल्यांनी सांगितले. हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, त्यामुळे त्या दिवशी बेत बदलला तर बाबांनी कप्तानाला दोष देऊ नये. फेब्रुवारी निवडला तो माऊईभोवती येणाऱ्या देवमाशांसाठी, आणि ते बाजू पाहून वर येत नाहीत.

आई, तुझ्या त्या मालवणच्या फेरीची आठवण ठेवूनच मी खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतली आहे, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बाल्कनीसमोर जीवरक्षक होड्या आडव्या येत नाहीत, हेही नकाशावर दोनदा तपासले. न्हाणीघर खोलीतच आहे, शाकाहारी जेवणाचे आधीच कळवले आहे, आणि सकाळचा चहा तुला मी स्वतः आणून देईन. माझी खोली समोरच, पण आतल्या बाजूची आणि बिनखिडकीची आहे. त्यावरून वाद घालू नकोस, मला रात्री फक्त पाठ टेकायची आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तुमच्यासाठी केवळ फोनच्या पडद्यावरचा चेहरा होते, हे मी विसरलेली नाही, आणि एका बाल्कनीने त्याची भरपाई होते असेही समजत नाही.

बाबांच्या व्हिसाविषयीच्या शंकेचे उत्तर असे, की हे जहाज अमेरिकन ध्वजाखाली चालते. 1886 च्या कायद्यामुळे परदेशी जहाजांना केवळ अमेरिकन बंदरांच्या दरम्यान अशी प्रवासी फेरी करता येत नाही. हे जहाज मात्र हवाई सोडून कुठेही जात नाही, म्हणून देशाबाहेर पडून पुन्हा आत येण्याचा प्रश्नच नाही. तरीही पासपोर्ट जवळ ठेवायचे, सुटकेसमध्ये नाही.

आता काही गोष्टी निमूटपणे ऐका. कोनाला एवढे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, ते नांगरून लहान होडीने उतरावे लागते. तुम्ही पडावात उडी मारून उतरत होता हे मला ठाऊक आहे, बाबा, पण त्या दिवशी समुद्र खवळलेला असेल तर आपण तिघेही उतरणार नाही, आणि हे तुमच्या गुडघ्यामुळे नव्हे, मलाच भीती वाटते म्हणून. बाल्कनीचे दार वाऱ्याने जोरात आपटते, ते दोन्ही हातांनी धरून लावायचे. रात्री बाहेर बसताना कानटोपी घालायची, कोण बघते याचा विचार न करता. आणि आई, लिंबे पिशवीत भरून आणू नकोस, ताजी फळे विमानतळावर काढून घेतात. आवळासुपारीची डबी मात्र हातातल्या पर्समध्येच ठेव.

तुमची,
मनू