‘रोमिओ अँड ज्युलिएट’ दुपारच्या उन्हात शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ ज्या वर्गांत अभ्यासाला असते, तेथे त्याची तयारी बहुधा ठरलेल्या वाटेने होते. कथानकाचा गोषवारा, पात्रांची व्यक्तिचित्रे, ‘शोकांतिकेला दैव जबाबदार की स्वभावदोष’ हा हमखास येणारा प्रश्न आणि एलिझाबेथकालीन रंगभूमीवर एक टीप, एवढे पाठ झाले की विद्यार्थी परीक्षेला मोकळा होतो. नाटक आणि त्याचे नाट्यगृह यांची वहीत अशी फाळणी होते, आणि नाटकातील निम्म्या गोष्टी का घडतात हे त्याला कळत नाही. नाशिकच्या महाविद्यालयांतील इंग्रजी विभागांनी हे दोन्ही विषय एकत्र शिकवावेत, यासाठी हा पत्रप्रपंच.

गाईडांमध्ये या टिपेशेजारी बहुतेक वेळा ग्लोब नाट्यगृहाचे गोलाकार चित्र असते. हे नाटक साधारण 1595 च्या सुमारास लिहिले गेले, 1597 मध्ये प्रथम छापले गेले, आणि ग्लोब उभे राहिले ते 1599 मध्ये. त्याआधी लंडन शहराच्या हद्दीबाहेर शोरडिच येथे जेम्स बर्बेजने 1576 मध्ये ‘द थिएटर’ बांधले होते आणि पुढच्याच वर्षी त्याच्याजवळ ‘कर्टन’ उभे राहिले. ‘द थिएटर’च्या जागेच्या भाडेपट्ट्याचा वाद विकोपाला गेला, तेव्हा नटमंडळींनी डिसेंबर 1598 मध्ये त्याचे लाकूडसामान उतरवून नेले आणि त्यातूनच थेम्सच्या दक्षिण तीरावर ग्लोब बांधले. मधल्या काळात शेक्सपिअरच्या मंडळीने ‘कर्टन’मध्ये प्रयोग केले. त्या ‘कर्टन’चा पाया 2016 च्या उत्खननात नीट उघडा झाला, तेव्हा ते गोल नसून आयताकृती होते असे दिसून आले. तरीही आपली गाईडे या नाटकाला ग्लोबमध्येच जन्माला घालतात!

अर्थात आकारापेक्षा महत्त्वाची आहे ती या नाट्यगृहांची रीत. मध्ये उघडे अंगण, त्यात पुढे आलेला चौथरा, एक पेनी देऊन तीन बाजूंनी उभे राहिलेले प्रेक्षक, आणखी एक पेनी दिल्यास सभोवतीच्या सज्जात बसायला जागा. दर्शनी पडदा नाही, रंगवलेले देखावे नाहीत, आणि प्रयोग दुपारी लख्ख उजेडात. आता या उजेडात हे नाटक ठेवून पाहावे, कारण त्यातले कितीतरी महत्त्वाचे प्रसंग रात्रीचे किंवा पहाटेचे आहेत. मेजवानीला निघालेला रोमिओ मशाल मागतो आणि शेवटच्या अंकात ज्युलिएटशी लग्न ठरलेल्या पॅरिस या तरुणाचा सेवक मशाल घेऊन स्मशानात येतो, ती उजेडासाठी नव्हे. मशाल दिसली की रात्र समजायची, हा नट आणि प्रेक्षक यांच्यातला करार होता. बागेतल्या प्रवेशात रोमिओ चंद्र, तारे आणि अंधार यांबद्दल इतके का बोलतो, हे वर्गात ‘काव्यात्मक भाषाशैली’ म्हणून उरकले जाते. वास्तविक डोक्यावर सूर्य असताना रात्र उभी करण्याचे काम त्या ओळींकडे होते. लग्नानंतरच्या पहाटे ऐकू आलेला पक्षी नाइटिंगेल की लार्क, म्हणजे अजून रात्र आहे की दिवस उजाडला, यावर दोघे वाद घालतात, तोही भर दुपारी.

त्याच प्रवेशाचा उत्तरार्ध तर चौथऱ्याची रचना समजल्याशिवाय उलगडतच नाही. दोघे वरच्या सज्जात असतात. रोमिओ दोरीच्या शिडीने प्रेक्षकांसमोर खाली उतरतो, म्हणजे खालचा चौथरा ही बाग. तो जातो, आई येते, ज्युलिएट सज्जातून खाली येते (1597 च्या प्रतीत तशी रंगसूचनाच आहे), आणि क्षणापूर्वीची बाग तिची खोली होऊन जाते. कोणी काही हलवत नाही, दिवे मालवत नाही. ‘अंक तिसरा, प्रवेश पाचवा’ हे आकडेही 1597 किंवा 1599 च्या छापील प्रतींत नाहीत; ही विभागणी नंतरच्या संपादकांची. मूळ प्रयोग सलग धावत असे, आणि कथेलाही तशीच घाई आहे. ज्या काव्यावरून शेक्सपिअरने हे नाटक घेतले, त्या आर्थर ब्रुकच्या 1562 मधील काव्यात काही महिने जातात. नाटकात रविवार ते गुरुवारची पहाट एवढ्यातच सारे संपते, आणि ज्युलिएटचे पॅरिसशी गुरुवारी ठरवलेले लग्न बापाने बुधवारी ओढले म्हणून, ते टाळण्यासाठी तिला मृतवत झोप आणणारे औषध देणाऱ्या धर्मगुरूचा सगळा हिशेब चुकतो.

मला स्वतःला सर्वांत भेदक वाटतो तो चौथ्या अंकातला पलंग. धर्मगुरूचे ते औषध पिऊन ज्युलिएट पडद्यांआडच्या पलंगावर कोसळते. पुढचा प्रवेश घरातल्या लग्नघाईचा आहे: मसाले आणा, खजूर आणा, तीन वाजले, वाळकी लाकडे शोधा. वाचताना हा प्रवेश उगीचच घातल्यासारखा वाटतो आणि शिक्षकही तो अनेकदा गाळतात. पण ते बंद पडदे तेवढा वेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असत आणि त्यांच्यामागे कोण निजले आहे हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

दैवाच्या प्रश्नाचेही तसेच. ज्युलिएट खरोखर मेलेली नाही हे कळवणारे धर्मगुरूचे पत्र रोमिओला मिळत नाही, कारण ते नेणाऱ्याला साथीच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवले जाते. याला आपण ‘योगायोग’ म्हणतो. पण 1592 ते 1594 या काळात बराच वेळ प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहेच बंद होती. बाहेरून बंद केलेले घर त्या प्रेक्षकांनी पाहिलेले होते. 2020 ची टाळेबंदी अनुभवलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनाही यावर पाठांतराशिवाय चार ओळी लिहिता येतील.

ज्युलिएटची भूमिका मुलगा करीत असे, याचे मराठी माणसाला नवल वाटू नये. बालगंधर्व तर आपले होतेच. शिवाय त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानेच साकारली होती.

म्हणून सूचना अशी की, थंडीच्या दिवसांत एका दुपारी दोन वाजता महाविद्यालयाच्या आवारात यातले तीन प्रवेश विद्यार्थ्यांनी करावेत: बाग, पहाटेचा निरोप आणि पलंग. कालिदास कलामंदिर भाड्याने घेण्याची गरज नाही, ध्वनिक्षेपकाचीही नाही. चार टेबले जोडून चौथरा होतो आणि पहिल्या मजल्याची गॅलरी सज्जाचे काम करते. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’ला ‘राजमुकुट’च्या रूपाने मराठीत आणले, त्यांच्या गावात एवढा उद्योग जड जाऊ नये. यात जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या आदिवासी भागांतून आलेल्या मुलांना आवर्जून पुढे बोलवावे. इंग्रजीच्या तासाला ही मुले बहुधा मागे गप्प बसतात. पण गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, रात्रभर संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत येताना पाहिलेले असल्यामुळे, पडदा आणि देखाव्याविना प्रेक्षकांच्या मधोमध नाट्य कसे रंगते, हे त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा अधिक माहीत असते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ‘एलिझाबेथकालीन रंगभूमीवर टीप लिहा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी नाटकातला वीस ओळींचा उतारा द्यावा आणि विचारावे की, त्या चौथऱ्यावर, त्या उजेडात, हा प्रसंग करताना कोण कुठे उभे राहील, त्यांच्या हातात काय असेल आणि प्रेक्षकांना रात्र झाल्याचे कशावरून कळेल.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त प्राध्यापक,
नाशिक