हिपॅटायटिस बीची लस आणि जन्मानंतरचे पहिले चोवीस तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावांमध्ये काविळीचे रुग्ण निघू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘बाळाला जन्मल्याबरोबर काविळीची लस टोचली होती, मग त्याला कावीळ झालीच कशी?’ आरोग्य विभागातील नोकरीत ही तक्रार मी सतत ऐकली आणि निवृत्तीनंतरही ती थांबलेली नाही. तिच्यामुळे एका अत्यंत परिणामकारक लशीवरचा लोकांचा विश्वास विनाकारण ढळतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

पावसाळ्यात पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि ती फुटलेल्या नळातून, उघड्या विहिरीतून, म्हणजे दूषित पाण्यातून येते. बाळाला जन्मतः दिली जाणारी लस मात्र हिपॅटायटिस बी या वेगळ्याच विषाणूविरुद्ध असते. हा विषाणू पाण्यातून नव्हे, तर रक्तातून आणि शरीरातील स्रावांतून पसरतो. बाळंतपणात आईकडून बाळाला, दूषित सुईतून, एकमेकांचे ब्लेड वापरल्याने. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले जाते किंवा घरोघरी फिरून एकाच तारेने बाळांचे कान टोचले जातात, तेव्हा हे कुणाच्या ध्यानीही नसते. गुजरातमधील मोडासा भागात २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे या आजाराची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले, हे अजून जुने झालेले नाही.

माणसाचे वय पाहून हा विषाणू वेगवेगळा वागतो, हे विलक्षण आहे. प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरातील पाचांपेक्षाही कमी जणांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. पण जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांमध्ये तो ठाण मांडून बसतो. अशा बाळाचे डोळे पिवळे होत नाहीत, ते आजारीही दिसत नाही. शाळेत जाते, लग्न होते, शेती करते आणि तिशी-चाळिशीत कधीतरी पोटात पाणी साठू लागते किंवा यकृताचा कर्करोग निघतो. गावात अशा माणसाबद्दल ‘दारूने लिव्हर गेलं’ असे म्हणून सगळे मोकळे होतात, मग त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नसला तरीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात जवळपास तीन कोटी लोक या विषाणूसह जगत होते.

आता लशीच्या परिणामाविषयी. सर्व डोस वेळेवर मिळालेल्या निरोगी बालकांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक बालकांच्या रक्तात संरक्षण देण्याइतकी प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने) तयार होतात. प्रत्यक्ष अनुभव तैवानचा सांगावा असा आहे. तेथे १९८४ साली आधी बाधित मातांच्या आणि पुढे सर्वच नवजात बाळांना ही लस देण्यास सुरुवात झाली. त्या वर्षी ताइपेई शहरातील पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये बाधितांचे प्रमाण ९.८ टक्के होते. १९९९ साली ते ०.७ टक्क्यावर आले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाणही दहाएक वर्षांतच जवळपास निम्म्यावर उतरले. कर्करोग टाळणारी पहिली लस असा तिचा उल्लेख होतो, तो यामुळेच.

काही सुशिक्षित पालक मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाल्यावर खासगी प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी करतात आणि आकडा कमी आला की घाबरतात. कालांतराने रक्तातील प्रतिपिंडे घटतात हे खरे, पण शरीराची प्रतिकारस्मृती टिकून राहते. आणि या विषाणूला आजार उभा करायला साधारण दोन ते पाच महिने लागत असल्यामुळे त्या स्मृतीला जागे होण्यास पुरेसा अवधी मिळतो. बाळपणी घेतलेल्या लशीचे संरक्षण तीस वर्षांपर्यंत टिकल्याचे आढळले आहे, त्यामुळे निरोगी मुलांना बूस्टरची गरज नाही. शिवाय या लशीत विषाणू नसतोच, यीस्टमध्ये तयार केलेले त्याच्या बाह्य आवरणाचे केवळ एक प्रथिन असते. म्हणून लशीमुळे हा आजार होणे शक्य नाही. बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडे पिवळे दिसते, त्याचाही या लशीशी संबंध नाही.

मात्र या संरक्षणाची एक अट आहे आणि माझ्या पत्राचा खरा रोख तिच्याकडे आहे. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर मिळाला पाहिजे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरील एकत्रित) लशीत हिपॅटायटिस बीचा भाग असतो, म्हणून ‘पुढे पेंटा मिळणारच आहे’ असा विचार अनेक जण करतात, त्यात दुर्दैवाने काही कर्मचारीही आले. बाळंतपणात आईकडून विषाणू बाळाच्या शरीरात शिरला असेल, तर सहा आठवड्यांनी येणारी लस त्याला गाठू शकत नाही. जन्मतःचा डोस आणि त्यापुढील डोस मिळून आईकडून होणारी लागण ७० ते ९५ टक्के प्रसंगी टाळतात.

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तरी हा डोस का निसटतो? बीसीजी ही क्षयरोगाची लस वर्षभरात आणि पोलिओचा जन्मतःचा डोस पंधरा दिवसांपर्यंत देता येतो; त्यातच बीसीजीची कुपी विरघळवल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून दोन-चार बाळे जमेपर्यंत थांबण्याची सवय लागलेली असते. तीच सवय हिपॅटायटिस बीलाही लावली जाते आणि चोवीस तास निघून जातात. वास्तविक या लशीची उघडलेली कुपी योग्य तापमानात आणि स्वच्छतेचे नियम पाळून ठेवली, तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. एका बाळासाठी रात्री दोन वाजता कुपी उघडली म्हणून काहीही वाया जात नाही. रविवारी, पोळ्याला, दिवाळीत जन्मलेल्या बाळांची कार्डे कुणी तपासून पाहावीत. शेतात, रुग्णवाहिकेत किंवा मेळघाट-गडचिरोलीच्या आडवळणी पाड्यांवर घरीच जन्मलेल्या बाळांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तेथे आशाताईचा निरोप त्याच दिवशी नर्सबाईपर्यंत पोहोचला तरच काही होऊ शकते.

‘आईची तपासणी निगेटिव्ह आहे, मग घाई कशाला?’ असेही विचारले जाते. तपासणी सर्वच मातांची होते असे नाही, माहेरी आलेल्या लेकीचा अहवाल सासरच्या गावी राहिलेला असतो आणि घरातील दुसऱ्या कुणाकडून होणारी लागण आईच्या तपासणीत दिसत नाही. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले आहेत, त्यांना वारंवार रक्त द्यावे लागते. रक्तपेढीत रक्त तपासले जात असले, तरी त्या मुलांना हे संरक्षण आधीपासून असणे अधिकच गरजेचे आहे.

विदर्भातील उन्हामुळे लशीची चिंता सर्वांना असते, आणि ती योग्यच आहे. पण हिपॅटायटिस बीची लस उष्णता बऱ्यापैकी सोसते. ती गोठली तर मात्र निकामी होते. कुपीवरील खूणचिठ्ठी उष्णता लागल्याचे दाखवते, गोठल्याचे नाही. कडक बर्फाला चिकटवून नेलेली किंवा घरगुती फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली कुपी दिसायला चांगली असते आणि आतून वाया गेलेली असू शकते. लहान खासगी दवाखान्यांकडे यासाठी कुणी फिरकते का, हे संबंधितांनी सांगावे.

लशीलाही मर्यादा आहेत. ज्या मातेच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार जास्त असते, तिच्या बाळाला लस वेळेवर मिळूनही कधीकधी लागण होते. म्हणून अशा बाळाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन आणि मातेला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण पहिल्या तिमाहीत रक्त तपासले तरच पुढची तयारी होते. कळा सुरू झाल्यावर अहवाल शोधून उपयोग नाही. बाधित माता बाळाला अंगावर पाजू शकते, हेही तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे, कारण सासरी नेमके उलटे सांगितले जाते.

जिल्हा आरोग्य प्रशासनाला माझी विनंती आहे की माता-बाल संरक्षण कार्डावर या डोसची केवळ तारीख न लिहिता वेळही लिहावी आणि खासगी प्रसूतिगृहांनाही तेच बंधन घालावे. दरमहा होणाऱ्या आढावा सभेत गेल्या महिन्यात तालुक्यात किती बाळे जन्मली आणि त्यांपैकी किती बाळांना चोवीस तासांच्या आत ही लस मिळाली, एवढे दोन आकडे वाचून दाखवावेत आणि ते आपल्यासारख्या वृत्तपत्रांना प्रसिद्धीसाठीही द्यावेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
जि. यवतमाळ