कीटिंगसर आणि तुझा तास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'डेड पोएट्स सोसायटी' चित्रपटातल्या कीटिंगसरांसारखा एकही तास जमत नाही, म्हणून तू खट्टू झालायस. मला वाटतं, तू भलत्याच मास्तरांशी बरोबरी करतोयस.

1989 चा तो चित्रपट माझाही लाडका आहे. कीटिंग झालेला रॉबिन विल्यम्स बोलायला लागला की आजही अंगावर काटा येतो. पण पुन्हा बघशील तेव्हा एवढंच बघ, की तो वर्ग एका कवितेवर किती वेळ थांबतो. कीटिंग ओळी उचलतो आणि त्यांची घोषवाक्यं करतो. अंगणात मुलांना चालायला लावून तो अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन' कवितेचा शेवट ऐकवतो: दोन वाटा फुटल्या, मी कमी मळलेली धरली, त्यानेच सगळा फरक पडला. पण त्याच कवितेत आधी फ्रॉस्टने साफ सांगितलंय की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या! कमी मळलेल्या वाटेची ती गोष्ट कवितेतला माणूस पुढे कधीतरी, खूप वर्षांनी, उसासा टाकत सांगणार आहे. आपल्याच निवडीला आपण मागाहून कसा अर्थ चिकटवतो, हे पोरांना दाखवायची केवढी जागा होती ती. चित्रपट तिथून सरळ पुढे निघून जातो.

म्हणून तू 'द हिस्टरी बॉइज' (2006) बघच. ॲलन बेनेटच्या नाटकावर आहे. 1983 चं शेफील्ड, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं. त्यात एका प्रसंगी म्हातारे मास्तर हेक्टर आणि पोझ्नर नावाचा मुलगा, दोघंच वर्गात बसलेत. पोझ्नर इंग्रज कवी थॉमस हार्डीची 'ड्रमर हॉज' ही कविता तोंडपाठ म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मेलेला, परक्या माळावर शवपेटीशिवाय पुरलेला ढोलवाला पोरगा. हेक्टर म्हणतो, महत्त्वाचं हे की त्याला नाव आहे. त्याआधीच्या लढायांत साधे शिपाई एका खड्ड्यात लोटले जात, नावाची नोंदही नसे. बघ, कविता आणि इतिहास त्या एका नावात एकत्र आले. कीटिंगच्या पोरांसारखं कोणी बाकावर चढत नाही, पार्श्वसंगीत कोणाला ढकलत नाही. शिकवण्याचा याहून खरा प्रसंग मी पडद्यावर पाहिलेला नाही. हेक्टर आदर्श नव्हे, हेही सांगतो. मोटारसायकलवर मागे बसवलेल्या मुलांच्या अंगाला तो हात लावतो, आणि ते मला अक्षम्य वाटतं.

तिथलाच तरुण मास्तर अर्विन इतिहास शिकवतो तो परीक्षकाचं लक्ष वेधण्यासाठी: सगळे जे म्हणतात त्याच्या उलट म्हणा. ही युक्ती ज्यूंच्या संहारापाशी येते तेव्हा ज्यू असलेला पोझ्नर अडतो. तुझ्या इतिहासाच्या वर्गात त्या चर्चेचा उपयोग होईल.

आणि तिथल्याच इतिहासाच्या बाई, मिसेस लिंटॉट! मुलांचा इतिहासाचा पाया तिनेच पक्का केलाय, पण हेडमास्तरांना हवी असते चकाकी. तीच एकदा चिडून म्हणते, इतिहास म्हणजे पुरुषांच्या मागून बादली घेऊन चालणाऱ्या बायका. तिच्यावर कोणी चित्रपट काढत नाही. तुझी बरोबरी तिच्याशी आहे, आणि हे मी कौतुकानेच म्हणतोय.

फ्रॉस्ट शिकवशील तेव्हा शेवटच्या कडव्याआधी थांब आणि विचार, कुठली वाट जास्त मळलेली होती? कोण काय म्हणालं ते सविस्तर कळव. मागच्या बाकावरची पोरं काय म्हणाली, ते आधी.

तुझाच,
जुना मित्र