डोक्यावरून पांघरूण

नौपाडा, ठाणे
८ डिसेंबर

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा माझे हात चकलीच्या पिठात होते, आणि नंतर करते, नंतर करते म्हणता म्हणता तुळशीची लग्ने लागली, देवदिवाळीही झाली. रागावायचे असेल तर खुशाल रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईला जे झाले ते या घरात कोणाला सांगून उपयोग नाही. ह्यांना सांगितले तर म्हणाले, "मग लॉजवर उतरायचे होते." माझी प्रकृती म्हणशील तर गुडघा आहे तसाच आहे आणि रक्तदाबाची अर्धी गोळी आता पूर्ण झाली आहे.

चिऊ २४ तारखेला केदारकंठाला निघाली आहे. उत्तराखंडातले हे शिखर सुमारे ३,८०० मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई उभी केली तरी वर पाचशे मीटर उरतील. मुक्काम बर्फात, तंबूत. आणि ही मुलगी कोण, तर ठाण्यात पारा अठरावर आला की पंखा बंद करून दोन गोधड्या घेणारी! तिने पिसांची नवी स्लीपिंग बॅग आणली आणि मला ऐटीत सांगितले, "आई, मायनस दहाची आहे." मी चष्मा लावून आतली चिठ्ठी वाचली. ठळक छापलेला −१० हा आकडा अंगाचे मुटकुळे करून कशीबशी रात्र काढणाऱ्या पुरुषाचा निघाला. बाईला निवांत झोप लागेल असा आकडा −४, आणि तो बारीक अक्षरात होता. तुला यात काही नवल वाटणार नाही.

म्हणून मी हट्ट धरला की आधी एक रात्र सह्याद्रीत काढून बघू. गच्चीवर झोपून ठाण्यात काय कळणार? कसारा लोकल, पुढे जीप, आणि पाचनईत एका ओळखीच्या घराच्या अंगणात तंबू. माझ्यासाठी मी माळ्यावरून आपली निळी स्लीपिंग बॅग काढली, तीच, दोघींच्या पहिल्या पगारातली. इतकी वर्षे तिच्या थैलीत कोंबून ठेवल्याने आतला कापूस (कापूस कसला, प्लॅस्टिकचाच धागा तो) दाबून जुन्या गादीसारखा झाला आहे. बॅग काही स्वतः ऊब तयार करत नाही. आपल्याच अंगाची ऊब ती फुगलेल्या भरावातल्या हवेत धरून ठेवते, आणि जिथे फुगवटाच नाही तिथे धरणार कशात? हे ज्ञान मला रात्री दीड वाजता झाले. मी शहाणपणा करून दोन स्वेटर आणि ह्यांचे जाकीट अंगात चढवले होते, त्यामुळे होता नव्हता तो फुगवटाही आतून दाबला गेला. पोटावर घाम आणि पाठ बर्फ, अशी मी पडून होते. तेव्हा, मंदा, मला हरिश्चंद्रगडावरची १९९७ सालची गुहा आठवली.

आता लिहूनच टाकते. कॅरीमॅट, ती फोमची चटई, खालीच घालायची असते. दोघींत एकच होती आणि थंडी वरून येते असे म्हणून मी ती पांघरली, तू ती आडवी करून दोघींच्या पाठीखाली घे म्हणत होतीस, आणि त्या वादापायी आपण दुसऱ्या दिवशी खुबी फाट्याची एसटी येईपर्यंत एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. आपल्या वजनाने खालचा भराव चपटा होतो आणि खडक रात्रभर पाठीतून ऊब ओढत राहतो. तू बरोबर होतीस. तुझ्या आजीची गरम पाण्याची रबरी पिशवी गळली ती मात्र तुझ्याच हातून. बूच मी नीट लावले होते.

पण माझी खरी काळजी पुढेच आहे. चिऊ मजेत झोपली होती, कारण तिने खाली दोन मॅट घेतल्या होत्या आणि घरातल्या मावशींनी चुलीवर तापवलेले पाणी स्टीलच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून, मांड्यांमध्ये धरले होते. पहाटे टॉर्च लावून पाहिले तर तिचे डोके दिसेना. बॅगेची चेन वरपर्यंत ओढून बाई पूर्ण आत! सकाळी तिच्या तोंडाजवळचे कापड हाताला ओले लागले, तळहाताएवढा डाग, आणि चिमटीत धरल्यावर आतल्या पिसांच्या गुठळ्या बोटांना कळल्या. रात्रभराच्या श्वासाची ती वाफ होती. पाचनईत कुंपणावर टाकून दहाच्या उन्हात ते वाळले. बर्फात मात्र उजाडताच बॅग तशीच दमट गुंडाळायची, संध्याकाळी उलगडायची, पुन्हा तोंड आत. पिसे फुगतात तोवर ऊब. भिजून बसली की ती महागडी पिशवी माझ्या निळ्या बॅगेच्या पंगतीला येऊन बसणार, आणि तीही तिसऱ्या-चौथ्या रात्री, सगळ्यात उंच मुक्कामावर. मी हे सगळे सांगितले. तिने काय उत्तर द्यावे? "मला लहानपणापासून सवय आहे, मंदामावशीनेच लावली."

आठवते का? ती सहा वर्षांची होती, उपवनच्या तुझ्या जुन्या घरी झोपायला आली होती, येऊरच्या बाजूने कोल्हे ओरडले म्हणून रडायला लागली, आणि तू तिला सांगितलेस की डोक्यावरून पांघरूण घेतले की कोणाला दिसत नाही. अठरा वर्षे झाली. मी उकाड्यातसुद्धा ते पांघरूण ओढून ओढून थकले.

तर तू लावलेली सवय तूच सोडव. तिला फोन कर. बॅगेच्या टोपीची दोरी ओढून नाक-तोंडापुरते भोक ठेव म्हणावे, नाक गारठलेच तर लोकरीचा पट्टा गुंडाळ म्हणावे, पण श्वास बाहेरच सोड. झोपताना कोरडे मोजे, मूठभर शेंगदाणे-गूळ, आणि रात्री लघवीला लागले तर कुढत पडून न राहता सरळ उठून जाऊन यायचे, हेही सांग. माझ्या तोंडून ऐकले की तिला तो उपदेश वाटतो. तंबूत ऊब यावी म्हणून कोणी स्टोव्ह पेटवू लागले तर तिथून आधी बाहेर पड, हे मात्र दटावून सांग, त्या धुराविना पसरणाऱ्या विषारी वायूचा वाससुद्धा येत नाही.

वास्तुशांतीचे पेढे पोचले, छान होते. सासूबाईंना नमस्कार सांग, तुझ्या बदलीचे काय झाले ते कळव.

फोन २० तारखेच्या आत कर, आणि मी सांगितले म्हणून करते आहेस हे तिला कळू देऊ नकोस. कॅरीमॅटचा विषयही काढू नकोस. तिला मी आजवर ती गोष्ट माझ्या बाजूने सांगत आले आहे.

तुझी,
सुमी