सांगायचं राहून गेलं म्हणून

कोथरूड, पुणे
गुरुवार, रात्री साडेअकरा

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

अडीचला मुंबईची गाडी येईल. दीडचा गजर लावून तुम्ही दोघं झोपलात आणि मी स्वयंपाकघरातला दिवा लावून लिहायला बसले आहे. हे पत्र आईच्या पोथीत ठेवून जाणार आहे. सकाळी पूजेला बसलीस की सापडेल, तोवर मी विमानात असेन.

कारण आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आई घाबरणार नाही. या ऑगस्टला ओमानमधला करार संपला की कायमची परत येते, असं मी म्हटलं होतं. मी येत नाहीये. पुढच्या दोन वर्षांच्या करारावर मी एप्रिलमध्येच सही केली. तिथं काही महिने आधी लेखी विचारतात, हो की नाही. नाही म्हटलं की जागेची जाहिरात निघते. विचार करायला मला एक आठवडा मिळाला होता, आणि त्या आठवड्यात मी तुम्हाला रोज फोन करूनही हे बोलले नाही. इथं सहा आठवडे राहिले तरी बोलले नाही. परवा आईनं माझं कपाट रिकामं करून वर्तमानपत्राचे नवे कागद घातले, तेव्हा तर जीभच उचलेना. आई, चुकलं माझं.

बाबा, जानेवारीत तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी आठच दिवस आले. तुम्ही म्हणालात, "अगं, नोकरी आहे." ते आठ दिवस माझ्या मनातून जात नाहीत. म्हणूनच तिथली परिस्थिती आहे तशी सांगते. कट्ट्यावर तुम्ही मला प्रोफेसर म्हणता, पण माझं पद लेक्चररचं आहे. विद्यापीठात पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलामुलींना पुढचं सगळं इंग्रजीतून झेपावं म्हणून एक पायाभूत अभ्यासक्रम असतो, तो मी शिकवते. आठवड्याला वीस तास वर्ग, वर निबंधांचे गठ्ठे. रविवार ते गुरुवार काम, शुक्रवार-शनिवार सुट्टी. व्हिसा विद्यापीठाच्या नावावर आहे, म्हणजे नोकरी संपली की दुसरी मिळेपर्यंत मला तिथं थांबता येत नाही. ओमानी शिक्षक तयार होतील तशा आमच्या जागा त्यांच्याकडे जातील, आणि ते योग्यच आहे. मला जन्मभर तिथं राहायचं नाही.

मोहनमामाचं झालं तसं माझं होईल ही तुझी भीती मला माहीत आहे, आई. पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे. तो मालकानं ठेवून घ्यायला तिथं कायद्यानं बंदी आहे. पूर्वी नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. 2021 पासून करार पूर्ण झालेल्याला ते लागत नाही. आणि 2023 च्या नव्या कामगार कायद्याप्रमाणे सोडून येताना दर वर्षामागे एका महिन्याचा मूळ पगार हातात मिळतो. फ्लॅटचे राहिलेले हप्ते मी त्याच हिशेबानं मांडले आहेत. दादाशी बोलून झालंय. त्याला ओरडू नका, मीच त्याला सांगू नको म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून दोन वर्षं लपवली. बाबा, तुम्ही विचारलं होतंत, "गोऱ्यांना जास्त देतात का गं?" आणि मी म्हणाले होते, सगळ्यांना सारखं. ते खोटं होतं. माझ्याच खोलीत एक ब्रिटिश सहकारी बसतो. बी. ए. आणि वर सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा महिन्याभराचा कोर्स. माझं एम. ए., सेट, अकरा वर्षांचा अनुभव. तरी त्याची श्रेणी माझ्यावरची, कारण इंग्रजी ही त्याची मातृभाषा. मी लेखी विचारलं. धोरण आहे, एवढं एका ओळीचं उत्तर आलं. तो स्वतः माझ्याबरोबर विभागप्रमुखांकडे आला, पण उपयोग झाला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशापेक्षा मला तुमची लूना आठवत होती. भोसरीची पहिली पाळी धरायच्या आधी तुम्ही मला शाळेत सोडायचात, मी पुढे उभी, आणि नळस्टॉप येईपर्यंत रोजचे पाच शब्द स्पेलिंगसकट पाठ व्हायला हवेत. चुकलं की तुम्ही हॉर्न वाजवायचात. ते इंग्रजी कुणापेक्षा कमी आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. मी पुन्हा अर्ज करणार आहे.

मग तिथंच का जाते, असं तुम्ही म्हणाल. इथं मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, स्कूटी दामटत. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, केलेल्या तासांचे पैसे कधी मार्चनंतर. बाबा, "कायम कधी होणार?" हे तुम्ही नंतर विचारायचं सोडून दिलंत, ते मला जास्त लागलं. आई डब्यात दोन पोळ्या जास्त घालायची, कारण तिला कळलं होतं की मी कँटीनचा चहासुद्धा टाळते. तिथं दोन वर्षांचा का होईना, कागद आहे. महिन्याचा पगार महिन्याला होतो. सामानासकट घर आहे, वर्षाला घरी यायचं तिकीट आहे.

आणि मला तिथं शिकवायला आवडतं. हे शेवटी लिहिते आहे, पण खरं तर हेच आधी लिहायला हवं होतं. 1970 पर्यंत त्या देशात तीनच शाळा होत्या, त्याही मुलग्यांच्या. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आज्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. डोंगरातल्या गावातून आलेली एक मुलगी सहा आठवडे तोंड उघडत नव्हती. एक दिवस तास संपल्यावर दारात थांबून तिनं विचारलं, "टीचर, हे वाक्य असं का?" आई, तू बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत काढलीस. भिडेवाड्यापुढून जाताना दर वेळी मला 1848 साल सांगायचीस. "का" विचारणाऱ्या मुलीनं तुला किती आनंद व्हायचा, ते मी पाहिलंय.

माझी काळजी करू नका. घरात एसी आहे, दुकानात तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं. मेतकुटाची बरणी मी साड्यांच्या मध्ये ठेवली आहे, फुटणार नाही. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे. विमानानं मी तीन तासांत मुंबईला पोचते. नागपूरची आत्या यापेक्षा उशिरा येते. मला ताप आला तर वरच्या मजल्यावरच्या केरळच्या बाई खिमट आणून देतात, पण ताप आला की मला अजून तुझ्या पदराचाच वास हवा असतो, आई. काल रात्री तू झोपेत माझ्या अंगावर चादर ओढलीस. मी जागी होते.

आता नीट ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, मनानं बंद करायची नाही. चार आठवड्यांच्या डब्या भरून ठेवल्या आहेत, पुढच्या दर रविवारी दादा भरेल. पर्वती इतक्यात नको, डॉक्टर हो म्हणेपर्यंत सपाटीवर चाला. मंडईला स्कूटरवर अजिबात जायचं नाही. वनाजला मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला बदला, आणि खाली उतरताना सरकता जिना सोडून लिफ्ट घ्या. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. पोळ्यांच्या मावशींना मी डिसेंबरपर्यंतचे पैसे देऊन ठेवलेत, "नको, मीच करते" असं म्हणून त्यांना परत पाठवू नकोस. बाथरूममधल्या दांड्या परवा बसवल्या. त्याला धरूनच उठायचं, त्यावर पंचे वाळत घालायचे नाहीत.

गौरी-गणपतीला मी याही वर्षी नाही. मुखवटे काढायला कुणी स्टुलावर चढेल या भीतीनं मी काल दुपारी, तुम्ही झोपलेले असताना, निळी ट्रंक माळ्यावरून खाली घेतली. मुखवटे पुसून बैठकीच्या कपाटात खालच्या खणात ठेवलेत, मऊ कापडात, धाकटीची नथ वेगळ्या डबीत. दागिन्यांची किल्ली नेहमीच्याच जागी आहे. आवाहनाच्या दिवशी शुक्रवार किंवा शनिवार नसला तरी मी तास बदलून घेईन. तेवढा वेळ फोन देव्हाऱ्यासमोर उभा करून ठेवा.

रागवायचं असेल तर रागवा, पण मी पोचल्यावर फोन करीन तो उचला. बाबा नाही उचलणार लगेच, मला माहीत आहे. आई, तू उचल.

गजर व्हायला पाच मिनिटं आहेत. चहा टाकते.

तुमची,
चिमी