प्रेसवाल्या काकांना आणि बाकी सगळ्यांना थँक्यू

ग्राफिक डिझाइनच्या फ्रीलान्सिंगला पाच वर्षं झाली, म्हटलं आभार मानून टाकू, नावं नाही घेत, अर्ध्यांची मला माहीतच नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एक प्रिंटिंग प्रेस आहे, तिथल्या काकांनी माझी पहिली लग्नपत्रिका सरळ परत पाठवली, फाइल आरजीबीत (म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, छपाईच्या नाही), ब्लीडचा, म्हणजे कापताना लागणाऱ्या जास्तीच्या कडेचा, पत्ता नाही आणि बारीक अक्षरं छपाईचे चारही रंग मिसळून केलेल्या काळ्यात. मला वाटलं किती खडूस माणूस! पण मग त्यांनीच चहा मागवला आणि भिंगाखाली दाखवलं, रंग केसभर जरी सरकला तरी अक्षराच्या कडेला गुलाबी-निळी सावली कशी दिसते ते, म्हणून बारीक मजकूर फक्त १०० टक्के के मध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत, आणि चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं सोडायचं. फुकट शिकवलं हो, वर गिऱ्हाइकाला काही बोलले नाहीत.

मग त्या एजन्सीतल्या सिनियर ताई. मी देवनागरीत अक्षरांमधलं अंतर स्टाईल म्हणून वाढवायचे, त्या म्हणाल्या अगं शिरोरेषा तुटली बघ, आधी वाच मग सजव. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार न् वेलांट्या एकेक तपासायची सवय त्यांचीच (कंटाळवाणं काम आहे, पण नवरीचं नाव चुकण्यापेक्षा बरं).

आणि ज्या दादाने निम्मे पैसे आधी घे म्हणून दम दिला, त्याच्यामुळे भाडं वेळेवर जातं.

काका, परवा येतेय, यावेळी फाइल बरोबर आहे. बहुतेक.