फ्रेशर हवेत, अनुभव २ वर्षे!

संपादक महोदय,

पुण्यातल्या एका कंपनीच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, आमच्या बोलण्यात ‘सॉक’मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर यंत्रणेवर हल्ला होतोय का यावर नजर ठेवणाऱ्या विभागात, मी काम करते. फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला मलाही बसवतात. सायबर सिक्युरिटीत माणसं मिळत नाहीत, अशी ओरड कंपन्या करतात. पण त्यांच्या जाहिराती वाचा. वर ‘फ्रेशर’ आणि खाली ‘किमान २ वर्षांचा अनुभव’. एका ठिकाणी तर याच पदासाठी सीआयएसएसपी मागितलेलं पाहिलं. त्या प्रमाणपत्रालाच साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो, हे जाहिरात लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

बरं, जी मुलं गाळणीतून सुटून येतात, त्यांना विचारतात काय? फायरवॉल म्हणजे काय, टीसीपी आणि यूडीपीत फरक काय. विचारायचा अवकाश, उत्तर हजर. काली लिनक्स ही हॅकिंगच्या साधनांची सिस्टीम चालवलेली असते, कुणाचं तरी वायफाय (आमचंच हो, असं सांगतात) फोडून पाहिलेलं असतं. मी मात्र एक कागद पुढे सरकवते. विंडोज सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावर काय काय झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. रात्री २ वाजून १० मिनिटांपासून इव्हेंट ४६२५, ओळीने, दर सेकंदाला एक. युजर एकच, अकाउंट्समधला. शेवटी एक ४६२४. पहिला आकडा म्हणजे लॉगिन फसलं, दुसरा म्हणजे जमलं, हे मीच सांगून टाकते. प्रश्न एवढाच: इथे काय झालंय, आणि आता तू काय करशील? क्लासला लाखभर रुपये भरून आलेले बरेच जण इथे गप्प होतात.

मध्यंतरी बार्शीकडची एक मुलगी आली होती. बीसीएस झालेली, घरच्या मेडिकल दुकानाचं बिलिंग तीच बघायची. कागदावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, अकाउंट्सवाले रात्री दोनला कशाला येतील? आणि आले तरी इतक्या भराभर पासवर्ड कोण टाइप करतं? त्यांना फोन करून विचारते, पण तोवर अकाउंट बंद ठेवायला सांगते.” पासवर्ड ओळखत कुणीतरी आत शिरलंय, हे तिने ताडलं. सॉकच्या पहिल्या पायरीचं, लेव्हल वनचं, काम दुसरं काय असतं? शिफ्टमध्ये बसून अलर्ट बघायचे, त्यातले बहुतेक फुसके असतात ते बाजूला करायचे आणि उरलेल्याचं तिकीट, म्हणजे वरच्या पायरीला पाठवायची नोंद, असं लिहायचं की वरच्याला परत विचारावं लागू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार अनेक प्रकारच्या सायबर घटना तिला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. पहाटे फ्रेशरने लिहिलेल्या चार ओळींवर तेव्हा पुढचं सगळं उभं असतं. ऑगस्ट २०१८मध्ये आपल्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे एका शनिवारी काही तासांत, देशोदेशीच्या एटीएममधून. सुट्टीच्या दिवशी स्क्रीनसमोर कोण बसतं, हा प्रश्न म्हणूनच बिनमहत्त्वाचा नाही.

या मुलीचा अर्ज एचआरच्या सॉफ्टवेअरने आधी बाद केला होता. अनुभवाचा रकाना रिकामा! ओळखीतून आमच्यापर्यंत आली म्हणून दिसली. ज्यांची ओळख नाही त्यांचं काय होत असेल, ते सांगायला नको.

आता थोडं आपल्या वर्तमानपत्राबद्दल, राग मानू नका. निकाल लागले की आपल्या पुरवणीत ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर, नोकरीची हमी’ अशा जाहिराती येतात आणि तालुक्याच्या गावचे पालक त्या वाचून कर्ज काढतात. लॉग दाखवणारं विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर घरच्या कॉम्प्युटरवर असतंच, नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क आणि लॉग गोळा करून अलर्ट देणारं वाझुह फुकट मिळतात. लॉग वाचायला शिकण्याची सुरुवात तेवढ्यावर होते. जाहिरात घेऊ नका असं मी म्हणत नाही, आपल्यालाही पेपर चालवायचा आहे. पण मागच्या वर्षी किती मुलांना, कोणत्या पदावर, किती पगारावर घेतलं, ही एक ओळ क्लासवाल्यांकडून मागून घ्या. देत नसतील तर ‘हमी’ हा शब्द तेवढा छापू नका.

आपली एक वाचक,
वारजे, पुणे